टाचणीच्या घरातली बैठक

कुशनमामांना खेळाची आवड अशी कधी नव्हतीच. त्यांच्या वयाची पोरं मैदानात धुडगूस घालायची, तेव्हा हे वडिलांच्या हाताखाली जुन्या खुर्च्यांची पोटं फाडून आतला भुसा उपसत बसायचे. पुढे तोच धंदा झाला. गल्लीच्या टोकाला, चपलांच्या दुकानाला लागून त्यांचा गाळा. बाहेर कातडं सोललेले सोफे स्प्रिंगा वर करून उभे. आत फोमच्या लाद्या, रेक्झिनचे गुंडाळे आणि सगळ्यावर एक पिवळट, कापसासारखी धूळ. कुणाच्या घरी बसायला गेले की हे आधी बैठकीवर तळहात दाबून बघणार आणि मगच टेकणार. मामींना त्याची भारी लाज वाटायची.

स्वतःचं मूलबाळ नाही. बहीण लवकर गेली, तेव्हा तिची मुलगी यांच्याकडे आली आणि गाळ्यातच वाढली. हातात चुंबक घेऊन ती दिवसभर जमिनीवर पडलेल्या चुका, म्हणजे बारके खिळे, वेचत फिरायची, म्हणून मामांनी तिचं नाव टाचणी ठेवलं. अंगकाठीही तशीच होती, आणि जीभही.

टाचणी शिकली, नोकरीला लागली आणि लांबच्या शहरात गेली. पहिल्या वर्षी रोज फोन. मग एक दिवसाआड. मग असं व्हायला लागलं, की फोन यायचा पण बोलायला काही नसायचं. "जेवलीस का?" "हो. तू?" "जेवलो." "मामी?" "आहे. देऊ का?" एवढ्यावर गाडी थांबायची. दोघांनाही ते कळत होतं आणि दोघांनाही त्यावर काही सुचत नव्हतं.

एका रविवारी सकाळी टाचणीच म्हणाली, "मामा, आपण एक खेळ खेळू. तू तिथून, मी इथून."

"मला पत्ते येत नाहीत."

"पत्ते नाहीत रे. कॉम्प्युटरवर. यात हरायचं-जिंकायचं काही नसतं. ठोकळ्यांचं जग असतं. खणायचं, बांधायचं, मनाला येईल ते करायचं. मी तिथे घर बांधलंय माझं. तू ये माझ्या घरी."

"माझ्या घरी ये" हे शब्द मामांच्या कानाला इतके गोड लागले, की पुढचं सगळं डोक्यावरून गेलं तरी त्यांनी हो म्हटलं.

गाळ्यात बिलं काढायला एक जुना कॉम्प्युटर होता. टाचणीने फोनवर सांगून सांगून त्यात खेळ बसवून घेतला. त्याला एक अख्खा रविवार गेला. मग ती म्हणाली, "आता अजून एक. साध्या खेळात खुर्च्या-टेबलं नसतात. लोकांनी घरी बसून तसले पॅक बनवलेले असतात. आपण बाहेरून आणून खेळात घालायचे. मी फर्निचरचा पॅक घातलाय. तुला लिंक पाठवते, तोच तू घाल. नाहीतर माझं सामान तुला दिसणार नाही."

फर्निचर म्हटल्यावर मामा खूश. हा तर आपलाच प्रांत.

लिंक आली खरी, पण ती फोनवर आली आणि खेळ होता कॉम्प्युटरवर. इकडचं तिकडे कसं न्यायचं? मामांनी लिंकमधली अक्षरं एकेक करून कागदाविना, तोंडाने पुटपुटत कॉम्प्युटरवर टाइप केली. काहीच उघडलं नाही. पुन्हा टाइप केली. या वेळी भलतंच काहीतरी उघडलं आणि त्यात एक पोरगी केसांचं तेल विकायला लागली. शेवटी त्यांनी सरळ "फर्निचर पॅक" असं शोधलं, तर समोर ढीगभर चित्रं आली. त्यातल्या एकावर लाल गादीचा सोफा होता, चांगला भरदार, हातांना गोल वळण दिलेला. हाच असणार, टाचणी माझ्याच हाताखाली वाढलीय, असं म्हणून त्यांनी तो उतरवून घेतला.

उतरवलेली फाइल त्यांनी दोनदा दाबली, तर तिचं पोट उघडून आतून शंभर बारक्या फाइली बाहेर सांडल्या. मामांना वाटलं, मोडलं. त्यांनी घाईघाईने सगळ्या पुसल्या, फाइल परत उतरवली आणि या वेळी तिला न उघडता, अगदी झोपलेलं मूल उचलावं तशी, टाचणीने सांगितलेल्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवली. खेळ सुरू केला. यादीत पॅकचं नाव दिसलं.

"टाकलास?" टाचणीने फोनवर विचारलं.

"टाकला."

"फर्निचरचाच ना?"

"अगं, फर्निचरचाच. सोफा आहे त्यावर."

टाचणीच्याही पॅकवर सोफाच होता. तिने पुढे विचारलं नाही. घोळ झाला तो इथे.

पुढच्या रविवारी मामा टाचणीच्या घरी गेले. फोन स्पीकरवर ठेवला होता. टेकडीवर एक पांढरं घर, वर जायला पायऱ्या. टाचणीचा छोटा ठोकळ्याचा पुतळा दारात उड्या मारत होता. मग त्यांचं लक्ष दाराजवळ गेलं.

"टाचणे, दारात आंघोळीचा टब का ठेवलास?"

"कुठला टब?"

"हे काय, दाराशेजारी."

"मामा, तो बाक आहे. बसायचा."

"बरं," मामा म्हणाले. त्यांना वाटलं, पोरगी मजा करतेय. ते आत गेले. स्वयंपाकघरात भिंतीला टेकून एक घोडा उभा होता. लाकडी, लहान मुलांचा, डुलणारा. "घोडा छान आहे," ते म्हणाले.

"तो फ्रिज आहे, मामा."

"आजकाल असले फ्रिज निघालेत?" मामांनी हसून विचारलं. टाचणी हसली, पण ते हसू मामांना नेहमीचं वाटलं नाही.

तिच्या घरात एक मोठी खोली रिकामी होती. ती मामांनी मागून घेतली. "इथलं काम माझं. तू बघू नकोस." पुढचा आठवडाभर दुपारी गिऱ्हाईक नसलं, की ते तिथे जाऊन बसायचे. त्यांना लाल गादीचे सोफे सापडले होते. त्यांनी भिंतीला लागून एक रांग लावली, तिच्यासमोर दुसरी. मधे गालिचा. कोपऱ्यात दिवे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बैठका भरल्या, आता भाचीच्या घरची भरतोय या विचाराने ते एकटेच हसायचे.

रविवारी त्यांनी टाचणीला आत बोलावलं. "बघ."

टाचणीच्या पुतळ्याने खोलीत दोन पावलं टाकली आणि तो जागीच उभा राहिला.

"मामा... हे काय केलंस?"

"बैठक! पाहुणे आले की असे समोरासमोर बसतील, निवांत गप्पा मारतील. कोपऱ्यातली जागा तुझी, ती जरा ऐसपैस ठेवलीय."

"आवडली?" मामांनी विचारलं.

"छान आहे," टाचणी अगदी हळू आवाजात म्हणाली.

टाचणीला तिच्या स्क्रीनवर काय दिसत होतं? गालिच्याच्या दोन्ही बाजूंना, भिंतीपासून भिंतीपर्यंत, पांढरेशुभ्र कमोड. समोरासमोर दोन रांगा. कोपऱ्यात, दिव्याऐवजी, टांगलेले टॉवेल.

तिने संध्याकाळी मामींना फोन केला. "मामी, मामा बरा आहे ना गं? म्हणजे विसरतो वगैरे का काही?"

मामी घाबरल्या, आणि त्याला कारण होतं. मामांचे थोरले भाऊ उतारवयात असेच झाले होते. आधी चपला फ्रिजमध्ये ठेवायला लागले, मग एक दिवस स्वतःच्या बायकोला "बाई, तुम्हाला कोण हवंय?" म्हणून विचारलं. ते घरातलं कुणीच विसरलं नव्हतं. टाचणीने सगळं सांगितल्यावर मामी एवढंच म्हणाल्या, "त्यांना काही बोलू नकोस. मी बघते."

मामी बघायला लागल्या म्हणजे काय, तर परीक्षा घ्यायला लागल्या.

"अहो, आज वार कोणता?"

मामांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे मान वळवली.

"न बघता सांगा."

"बुधवार. का गं?"

"सहजच."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. "आज वार कोणता?" त्यानंतर, "आपल्या लग्नात फोटो काढणारा माणूस कसा होता हो दिसायला?" मग, "ही किल्ली कशाची?" ती किल्ली गेली कित्येक वर्षं त्याच खुंटीवर होती आणि गाळ्याचीच होती. मामांनी उत्तरं दिली, पण त्यांच्या मनात पाल चुकचुकली. बाईला रोज वार विचारावा लागतोय. स्वतःच्या लग्नातला माणूस आठवत नाही. किल्ली ओळखू येत नाही.

त्यांनी गाळ्याचं दार अर्धं लोटून टाचणीला फोन लावला. "तुला म्हणून सांगतो. तुझ्या मामीचं काही खरं नाही. ती विसरायला लागलीय."

टाचणीने विचारलं, "मामी?"

"हो गं. वार आठवत नाही तिला."

आता मात्र टाचणीला काय समजावं तेच कळेना. मामा भ्रमात आहे म्हणून तो मामीला दोष देतोय, की मामीलाच काही झालंय आणि मामा खरं बोलतोय, की दोघंही एकदमच? तिने दोघांनाही स्वतंत्रपणे तोच सल्ला दिला. डॉक्टरांकडे जा. दुसऱ्याला कळू देऊ नकोस, सहज तपासणीला चाललोय म्हण.

त्याप्रमाणे मामी म्हणाल्या, "चला, एकदा दोघांची तपासणी करून येऊ." मामांना वाटलं, बरं झालं, आपणहून तयार झाली. दोघं नीट कपडे करून निघाले. रस्ता ओलांडताना मामांनी मामींचा हात धरला, त्याच वेळी मामींनी मामांचा दंड धरला आणि दोघं एकमेकांना ओढत पलीकडे गेले.

डॉक्टर तरुण होते, नुकताच दवाखाना थाटलेला. त्यांनी विचारलं, "पेशंट कोण?"

"हे," मामी म्हणाल्या.

"ही," मामा म्हणाले.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"अहो, माझं काय?" मामी उसळल्या. "भलत्या ठिकाणी काय काय मांडून ठेवताय तुम्ही! पोरगी रडत होती फोनवर."

"मी काय मांडलं?"

"कमोड! पाहुण्यांच्या खोलीत कमोड लावलेत तुम्ही, रांगेने!"

"घरात?" डॉक्टरांनी विचारलं.

"घरात नाही हो, खेळात," मामी म्हणाल्या, आणि ते बोलल्यावर त्यांना स्वतःलाच ते विचित्र वाटलं.

मामांचा चेहरा पडला. "मी सोफे लावले," ते हळूच म्हणाले. "लाल गादीचे."

डॉक्टरांना दोघांच्या बोलण्यातून काही हाती लागत नव्हतं. त्यांनी दोघांनाही तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले, घड्याळ काढायला लावलं, उलटे आकडे म्हणायला सांगितले. मामींनी तिन्ही शब्द सांगितले. मामा दोन सांगून अडकले. तिसरा आठवेना. डॉक्टर म्हणाले, घाबरायचं कारण नाही, एवढं कुणाचंही होतं, सहा महिन्यांनी पुन्हा या. मामांनी मान हलवली, पण तो तिसरा शब्द त्यांच्या मानगुटीवर बसला. घरी येईपर्यंत ते तोच शोधत राहिले.

नंतरचे दिवस वाईट गेले. आपण सोफे बघितले हे मामांना पक्कं माहीत होतं. पण थोरल्यांनाही त्यांच्या चपलांची जागा फ्रिजमध्येच आहे, हे असंच पक्कं माहीत होतं की. मग कशाच्या भरवशावर म्हणायचं, मला दिसलं तेच खरं? त्यांनी खेळ उघडणं बंद केलं. टाचणीचा फोन आला की "कामात आहे" म्हणायचे.

त्यातच एका गिऱ्हाइकाचा मखमलीचा सोफा हातात होता. मखमलीला लव असते. हात वरून खाली फिरवला की ती झोपते, उलटा फिरवला की उभी राहून गडद दिसते. सगळे तुकडे एकाच दिशेने कापायचे हे या धंद्यातला पहिला पाठ. मामांनी मधली गादी चढवली, मागे सरकून बघितलं, तर ती शेजारच्या दोघींपेक्षा काळपट. लव उलटी लागली होती. वडील गेल्यापासून त्यांच्या हातून असं झालं नव्हतं. कातर हातात तशीच धरून ते फोमच्या लादीवर बसले.

मामी डबा घेऊन आल्या, तेव्हा ते तसेच बसलेले होते. मामींनी गादीकडे बघितलं. मामांकडे बघितलं. डबा ठेवला.

"दाखवा मला तो खेळ," त्या म्हणाल्या.

"नको."

"दाखवा म्हणते ना. एवढं रामायण झालं, आणि मी अजून डोळ्यांनी काही बघितलेलंच नाही."

मामांनी कॉम्प्युटर लावला. टाचणीच्या घराचं दार उघडलं, रिकाम्या घरातून चालत ते त्या खोलीत गेले आणि मग स्वतः मात्र उठून गाळ्याच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. "तूच सांग काय आहे ते."

मामींनी चष्मा पुसला. स्क्रीनजवळ गेल्या. मागे आल्या.

"सोफे आहेत," त्या म्हणाल्या.

"कसले?"

"लाल गादीचे. चांगले आहेत की."

मामांनी वळून पाहिलं. "तुला पण सोफे दिसतात?"

"मला पण म्हणजे काय? सोफेच आहेत!" मग त्या थबकल्या. "की आता आपण दोघंही...?"

ती शक्यता दोघांनाही एकदमच सुचली. मग मामींनी फोन काढला, स्क्रीनचा फोटो घेतला आणि टाचणीला पाठवून खाली लिहिलं : हे काय आहे सांग.

फोन लगेच वाजला. "मामी! हा कुठला फोटो?"

"तुझ्या मामाच्या कॉम्प्युटरचा. सोफे आहेत की नाहीत?"

"आहेत," टाचणी म्हणाली. "आहेत गं, सोफेच आहेत. मामाला दे. मामा, पॅकची यादी उघड. काय नाव आहे? एकेक अक्षर वाच."

मामांनी वाचलं. पलीकडून एक मोठा उसासा आला, मग हसू, मग नाक ओढल्याचा आवाज. "अरे, हा वेगळाच पॅक आहे! वस्तूला आत नुसता नंबर असतो, मामा. त्या नंबरला कुठला चेहरा द्यायचा ते पॅक ठरवतो. तुझ्या पॅकात जो सोफा, तोच माझ्या पॅकात..."

"कळलं," मामा घाईने म्हणाले.

मग खरा पॅक आणायचा ठरला. या वेळी टाचणीने लिंक कॉम्प्युटरवरच पाठवली. मामांनी तो उतरवला, फोल्डरमध्ये ठेवला, खेळ सुरू केला. सोफे होते तसेच. पुन्हा बंद केला, पुन्हा सुरू केला. सोफेच. टाचणीला कळेना, मामांना तर त्याहून कळेना. शेवटी तिने यादीचा फोटो मागवला, तेव्हा लक्षात आलं, की दोन्ही पॅक चालू आहेत, आणि जुना वर आहे.

"वरचा असेल तोच दिसतो, मामा. नवा वर घे."

"म्हणजे जुन्या कव्हरवर नवं चढवायचं. मग तसं सांग की!"

त्यांनी बाण दाबला. पडदा काळा झाला, एक पट्टी भरत गेली आणि खोली परत उजळली. गालिच्याच्या दोन्ही बाजूंना पांढरेशुभ्र कमोड चमकत होते.

मामी आधी नुसत्या बघत राहिल्या. मग त्यांनी तोंडाला पदर लावला, मग त्यांना आधाराला काही सापडेना म्हणून त्या एका उघड्या स्प्रिंगांच्या सोफ्यावरच बसल्या आणि वरखाली होत हसत राहिल्या. "निवांत... गप्पा मारतील..." एवढंच त्यांच्या तोंडून निघत होतं. मामांना आधी राग आला, आणि मग राग धरायचा कुणावर ते न कळून तेही हसले.

टाचणीने तोवर सुट्टी टाकलेली होती. मामाला काही झालंय म्हणून तिने साहेबांच्या पाया पडून ती मिळवली होती. आता परत कशी करणार? ती आलीच. पिशवी टाकली आणि थेट गाळ्यात येऊन मामांच्या गळ्यात पडली. पुष्कळ महिन्यांनी आली होती. मामांनी तिच्या खांद्यावर तळहात दाबून बघितला. हाडं लागत होती.

दोन दिवस घर भरलेलं होतं. तरी मामांच्या डोक्यात एक किडा वळवळत राहिला. आपल्याला काही झालेलं नाही हे चांगलंच. पण काही झालंय असं वाटलं म्हणून पोरगी आली. नाहीतर आली असती का? हा विचार मनात आणावा की नाही, हेच त्यांना ठरवता येईना. आणि मखमलीची लव? ती काळजीने चुकली की वयाने? मामींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "उसवा आणि नीट लावा. त्यात विचार कसला करायचा?" त्यांनी उसवली आणि नीट लावली. पण तिसरा शब्द काही आठवला नाही.

टाचणी निघायच्या आदल्या दुपारी दोघं कॉम्प्युटरसमोर बसले. मामांना कमोड काढून खरे सोफे लावायचे होते, पण टाचणीच्या पॅकमधले सोफे त्यांना पसंत नव्हते. "पाठ सपाट आहे. माणूस टेकेल कसा? माझ्या पॅकातला सोफा आणि तुझ्या पॅकातलं बाकीचं सामान, असं नाही का करता येत?"

"येतं," टाचणी ऐटीत म्हणाली. "बघच तू." तिने दोन्ही पॅक उघडले, यातली फाइल त्यात घातली, नाव बदललं, खेळ सुरू केला. सोफे आले, पण भिंती गेल्या. तिने परत उघडलं, परत काहीतरी बदललं. भिंती आल्या, आणि सगळ्या दारांच्या जागी घोडे. मामा बाजूला बसून बघत होते. तिने केस मागे सारले, स्क्रीनजवळ नाक नेलं आणि बराच वेळ तशीच राहिली.

"मामा," ती शेवटी म्हणाली, "मला काहीच कळत नाहीये."

मामांनी आपलं स्टूल ओढून तिच्या स्टुलाला भिडवलं. "सरक जरा," ते म्हणाले. "मला बघू दे."